दुःख अंगावर काढू नका

वर्षावासाचे दिवस होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत नाते गावच्या आमच्या बौद्धवाडीत दर रविवारी संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. लावणीचे दिवस असल्याने माणसे दमूनच येतात. बायका तर चिखलाचे पाय धुऊन थेट विहारात. त्या दिवशी पहिल्या प्रवचनाचा भाग वाचून झाला होता. वीज नव्हती, मेणबत्तीवर वाचन चालले होते आणि वाडीतली एक वहिनी दाराशीच बसली होती. वाचन संपल्यावर ती म्हणाली, “दादा, अलीकडं दमच टिकत नाय. विहाराच्या पायऱ्या चढले तरी छाती धडधडते. काय करू?”

ग्रंथ ज्यांच्या मांडीवर होता ते आमच्यातलेच एक. त्यांनी उत्तर दिले, “वहिनी, आताच वाचलं ना आपण? जीवन दुःखमय आहे. तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. थोडी सहनशीलता ठेवायची.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही डोलावली. तिलाही ते पटले, हेच सर्वांत वाईट.

पुढे दोन महिन्यांनी शेतावरून येताना ती वाटेत चक्कर येऊन पडली. मिनीडोरमध्ये घालून तिला महाडला नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. बाईच्या अंगात ते बारा तरी असावे लागते. डॉक्टरांनी विचारपूस केली तेव्हा कळले की दोन वर्षे तिची पाळी दहा-दहा दिवस चालत होती, अंगावरून खूप जात होते. घरात बोलली नव्हती, आशाताईलाही सांगितले नव्हते. तपासात गर्भाशयात गाठ निघाली. रक्ताच्या पिशव्या चढवल्या, पुढचे उपचार झाले. “एवढे दिवस अंगावर का काढलंत?” असे डॉक्टरांनी तिला विचारले तेव्हा आमच्यातले दोघे खाटेजवळ उभे होते. ती काही बोलली नाही, आमच्याकडे तिने पाहिलेही नाही. पाहिले असते तर आम्हाला जरा बरे वाटले असते.

वहिनी आता बरी आहे, पायऱ्या चढून येते. पण त्या दिवसापासून आम्हाला प्रश्न पडला आहे की आपण धम्म वाचतो म्हणजे नेमके काय वाचतो? ‘जीवन दुःखमय आहे’ हे एवढेच वाक्य आपल्या वाड्यावस्त्यांत का रुजले? कुणाच्या घरी मयत झाली, कुणाचा मुलगा कामावरून सुटला, कुणाच्या बायकोला मारहाण झाली, की आपण हेच वाक्य पुढे करतो. पूर्वी आपले आजे-पणजे म्हणत, नशिबाचे भोग आहेत. आपण नशीब हा शब्द टाकला, देव टाकले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि त्याच रिकाम्या जागेवर ‘दुःखमय’ हा शब्द आणून बसवला. पाटी बदलली, दुकान तेच.

तथागतांनी सांगितलेल्या गोष्टी चार आहेत. दुःख आहे. त्याला कारण आहे. ते कारण दूर करता येते. ते दूर करण्याचा मार्ग आहे. चांगला वैद्य हेच करतो. आधी रोग ओळखतो, मग तो कशाने झाला ते शोधतो, बरा होईल का ते पाहतो आणि औषध देतो. आता एखादा डॉक्टर नाडी पाहून “तुम्हाला आजार आहे” एवढेच बोलला आणि पिशवी उचलून निघाला, तर आपण त्याला फी देऊ का? आम्ही त्या रविवारी वहिनीपुढे तसले डॉक्टर झालो होतो. चारांपैकी एकच सांगितले आणि ग्रंथ कपड्यात गुंडाळला.

खुद्द बाबासाहेबांनाही हा धोका दिसला होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभी त्यांनी जे प्रश्न उभे केले त्यांत एक चार आर्यसत्यांबद्दलचा आहे. ही सत्ये ज्या रीतीने सांगितली जातात त्या रीतीने ती माणसाची आशाच काढून घेतात, जगणे हेच दुःख, मरण हेही दुःख, मग माणसाने करायचे काय, असा त्यांचा रोख आहे. म्हणून ग्रंथात पहिल्या प्रवचनाची मांडणी करताना त्यांनी पंचशीलाचा, अष्टांगाचा आणि पारमितांचा मार्ग मध्यभागी आणला. परिव्राजक तथागतांना विचारतात की तुमचा धम्म निराशेचा नाही का, आणि तथागत सांगतात की दुःख आहे हे माझा धम्म मानतो, पण दुःख दूर करण्यावरही तेवढाच भर देतो. हा संवाद आपल्याच ग्रंथात आहे. आमच्या विहारात तो दरवर्षी वाचला जातो. आमच्या कानांवरून मात्र तो गेला होता.

काही विद्वान मंडळी या प्रश्नावरून वाद घालतात की आर्यसत्ये मुळातली की नंतरची. तो वाद त्यांनी जरूर घालावा. वस्तीतल्या माणसाचा प्रश्न त्याहून साधा आहे. माझे दुःख कशामुळे आहे, आणि ते जाईल का?

ज्या महाडला वहिनीला नेले त्या महाडनेच या प्रश्नाचे उत्तर एकदा दिलेले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते, पण आपल्या माणसाला घोटभर पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याची पायरी उतरले, त्यांनी ओंजळभर पाणी घेतले आणि मागोमाग हजारो माणसांनी घेतले. मग मारहाण झाली, तळे ‘शुद्ध’ करण्याचे सोंग झाले, दावा पडला आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे. हे आपल्या घरातल्या पोरांना पाठ आहे, आम्ही नव्याने सांगत नाही. सांगायचे आहे ते वेगळे.

दुःखाचे मूळ तृष्णा आहे असे आपण शिकतो. पालीत तिला तण्हा म्हणतात. आपल्या मराठीतला तहान हा शब्द त्याच कुळातला. आता विचार करा, १९२७ च्या त्या उन्हात तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला कुणी सांगितले असते की बाबा रे, तहान हेच तुझ्या दुःखाचे मूळ आहे, ती सोड म्हणजे सुखी होशील! ही थट्टाच झाली असती. त्याची तहान घशातली होती आणि तिचे कारण त्याच्या मनात नव्हते, तळ्याभोवती बसवलेल्या बंदीत होते. बाबासाहेबांनी तिथे कारण ओळखले आणि कारणावर हात घातला. माणसाने माणसाला दिलेले दुःख माणसालाच दूर करता येते, हे त्यांनी त्या दिवशी पायरी उतरून दाखवले. पुढे आपल्या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहण्यात न शोधता शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात दाखवले. पाण्यावरून माणसे एकमेकांच्या जिवावर कशी उठतात हे ज्याने महाडला पाहिले, त्याला ती गोष्ट महत्त्वाची वाटणारच, असे आम्हाला वाटते.

मग तृष्णा खोटी का? नाही. दोन तहाना आहेत, एवढेच. एक शरीराची, हक्काची. तिला पाणीच द्यावे लागते. दुसरी कधीच न भागणारी. शेजाऱ्याने लग्नात डीजे लावला म्हणून आपण कर्ज काढून मोठा लावणे, मोबाईल चालत असताना नवा घेणे, भावाच्या वाट्याच्या चार गुंठ्यांवर डोळा ठेवणे. तिला मात्र आवरावेच लागते. घोटाळा होतो तो एकीचे औषध दुसरीला देण्यात. वहिनीच्या अंगात रक्त नव्हते आणि आम्ही तिला मनाचे औषध दिले.

तथागतांनी असा घोटाळा कधी केला नाही. आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट पाहा. तथागत प्रवचनाला आले, सारे गाव जमले, पण एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो दिवसभर रानात हिंडून उपाशीपोटी, उशिरा येऊन पोहोचला. तथागत त्याची वाट पाहत थांबले होते. तो आल्यावरही त्यांनी धम्म सांगायला सुरुवात केली नाही. आधी त्याला जेवायला वाढायला लावले. त्याचे पोट भरल्यावर प्रवचन. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली तेव्हा त्यांनी सांगितले की भुकेसारखा दुसरा रोग नाही. आम्ही ही गोष्ट आरोग्याच्या पानावर मुद्दाम सांगत आहोत, कारण आमच्या वाडीतल्या किती बायका लावणीच्या दिवसांत सकाळी कोऱ्या चहावर शेतात जातात आणि दुपारी उरलेसुरले खातात ते आम्ही रोज पाहतो.

तेव्हा वहिनीच्या दुखण्याबद्दल चार कामाच्या गोष्टी आधी सांगून टाकतो. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीतच आले आहे. लक्षणे साधी असतात म्हणून ती चुकतात. चढण चढताना धाप लागणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा आणि पापणीची आतली बाजू पांढुरकी, सारखे डोके दुखणे. काही बायकांना कच्चे तांदूळ, माती किंवा पाटीची पेन्सिल खावीशी वाटते. घरात तिला हसतात. हसू नये, तो रक्त कमी असल्याचा इशारा असू शकतो. पाळी आठवड्याहून जास्त दिवस चालत असेल, दर दोन तासांनी कापड किंवा पॅड बदलावे लागत असेल, गाठी पडत असतील, तर ते ‘बायकांचे असतेच’ म्हणून सोडून द्यायचे नाही. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

रक्त तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रातून मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेतल्या तर निम्मे काम वाया जाते. लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, चहा तासाभराच्या अंतराने. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. पोट बिघडले तर गोळी थांबवण्याआधी सिस्टरना विचारावे, जेवणानंतर घेऊन पाहावी. आणि रक्त बारावर आले की गोळ्या लगेच बंद करायच्या नाहीत, अंगातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. हिमोग्लोबिन आठाच्या खाली असेल तर नुसत्या गोळ्यांवर विसंबू नये, पुढचे डॉक्टर ठरवतील. अनवाणी चिखलात काम करणाऱ्यांना अंकुशकृमी होतात, ते आतड्याला चिकटून रक्त पितात, म्हणून जंताची गोळीही विचारून घ्यावी. खाण्यात सुकट, कलेजी, नाचणी, कडधान्ये, पालेभाजी. आणि पुरुष मंडळींनो, कालवणातला मासळीचा तुकडा शेवटी भांड्यात उरतो की नाही, हे जेवताना एकदा पाहत जा.

कर्जाबद्दलही बोलले पाहिजे, कारण आमच्या वाडीत झोप उडवणारे पहिले कारण तेच आहे. तथागतांचे एक सुत्त खास कर्जावर आहे, इण सुत्त. त्यात ते गृहस्थाची दुःखे एकामागून एक सांगतात. दारिद्र्य हे दुःख. दारिद्र्यातून कर्ज, तेही दुःख. मग व्याज, मग तगादा, मग सावकाराने पाठीमागे लागणे, शेवटी बंधन. पुढे ते याची तुलना वाईट वर्तनाशी करतात, पण आधी गरिबाचे दुःख नाव घेऊन मोजतात. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात आवर्जून दाखवले की बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केलेला नाही.

आमच्या नाते गावाची ओळख सांगताना लोक चिंतामणराव देशमुखांचे नाव घेतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, जन्म याच गावचा. नोटांवर ज्यांची सही असायची तो माणूस इथला, आणि आमच्या वाडीत गटाच्या हप्त्याच्या दिवशी बायका दार लावून मागच्या परसात जाऊन बसतात. एका फायनान्सचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घ्यायचे, दुसऱ्याचा भरायला तिसऱ्याकडून. अशा बाईला छातीत धडधडते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. तिला आनापान शिकवा, जरूर शिकवा, श्वासाकडे लक्ष दिल्याने जीव शांत होतो. पण तिच्या दुःखाचे कारण हप्त्याच्या कार्डावर लिहिलेले आहे. चार जाणत्या माणसांनी तिच्याबरोबर बसून सगळी कर्जे एका कागदावर मांडणे, नवे कर्ज थांबवणे, वसुलीवाला रात्री-अपरात्री दारात येऊन अपमान करत असेल तर त्याला चारचौघांनी मिळून जाब विचारणे, हाही त्या बाईचा औषधोपचारच आहे.

आता मनाच्या दुखण्याकडे येऊ. ते नाहीच असे आम्ही म्हणत नाही. उलट या तालुक्याइतके ते कुणाला ठाऊक असेल? २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्याच रात्री महाड शहर पुरात बुडाले. आमच्याही पाहुण्यांची घरे गेली. त्यानंतर कित्येकांना जोराचा पाऊस लागला की झोप लागत नाही, पत्र्यावर आवाज झाला की लेकरांना उचलून बाहेर धावावेसे वाटते. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात तेच.

तथागतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना शरीराला होते. ती ज्ञानी माणसालाही चुकत नाही. पण आपण त्यावर शोक, चिडचिड, धास्ती करतो आणि आपल्याच हाताने दुसरा बाण मारून घेतो. हा दुसरा बाण टाळता येतो. आमच्या मते ही उपमा धम्मातल्या फार उपयोगी शिकवणींपैकी एक आहे. मात्र तिचाही गैरवापर होतो. दरडीत मुलगा गेलेल्या बापाला कुणी सांगू लागला की तुझा दुसरा बाण तूच मारतोयस, तर तो तिसरा बाण झाला. आधी पहिल्या बाणाची जखम बांधायची. जवळ बसायचे, त्याला बोलू द्यायचे, जेवायला घालायचे. किसा गौतमी मेलेले लेकरू उराशी धरून आली तेव्हा तथागतांनी तिला प्रवचन दिले नाही. मोहरी मागायला दारोदार पाठवले. ती दारोदार गेली, माणसांशी बोलली, प्रत्येक घराचे दुःख ऐकले आणि मग तिची तिला वाट दिसली.

महिना-दोन महिने झाले तरी झोप नाही, जेवण नाही, कामात मन नाही, सारखे रडू येते किंवा माणूस एकटाच बडबडतो, कुणी आपल्या मागावर आहे असे म्हणतो, मरणाच्या गोष्टी करतो, तर तो आजार आहे. मधुमेह असतो तसा आजार. भगताकडे नेऊन अंगारा लावणे हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला शोभत नाही, आणि तरीही आपल्यातलेच लोक अंधार पडल्यावर गुपचूप नेतात. आम्ही नावे घेत नाही, ज्याचे त्याला माहीत आहे. सरकारची टेलिमानस ही मोफत फोन सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. हा नंबर विहाराच्या भिंतीवर पंचशीलाच्या पाटीखाली लिहायला काय हरकत आहे? मरणाची भाषा करणाऱ्याला एकटे सोडायचे नाही आणि घरातले तणनाशक, कीटकनाशक कुलपात ठेवायचे.

ध्यानाबद्दल एक सावधगिरी. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करून शिबिराला जाऊ नये. आधी डॉक्टरांशी बोलावे आणि शिबिरवाल्यांनाही आजार लपवू नये. गोळी घेतल्याने धम्म कमी होत नाही. भिक्खूंनी आजारात औषध घ्यावे म्हणून तथागतांनी नियम घालून दिले, विनयात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

दारूचा विषय आम्ही टाळणार होतो, कारण त्यावर बोलून बोलून जीभ झिजली. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. बुद्ध पौर्णिमेला किंवा १४ ऑक्टोबरला विहारात पाचव्या शीलाची शपथ घेऊन कित्येक जण दारू सोडतात. चांगलेच आहे. पण जो वर्षानुवर्षे रोज, सकाळपासून पितो, त्याने एकदम सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप जाते, नाही ती माणसे आणि जनावरे दिसू लागतात, फिट येते. घरातले म्हणतात बाहेरचे लागले. बाहेरचे काही नसते. शरीराला दारूची सवय झालेली असते आणि ते बंड करते. यात माणूस दगावू शकतो. अशा माणसाने शील घ्यावे आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातही जावे. आठवडाभर योग्य गोळ्या मिळाल्या की हा काळ पार पडतो. फिट आली किंवा भ्रम झाला तर १०८ ला फोन. आणि अशा माणसाची पुन्हा एकदा घसरण झाली तर ‘शील मोडणारा’ म्हणून त्याला विहाराबाहेर बसवू नका. बाहेर बसवणे म्हणजे काय असते, ते आपल्या आज्यांना विचारा.

शेवटी वहिनीकडेच येतो. तिला दवाखान्यात नेऊन सोडल्यावर प्रश्न उभा राहिला की रात्री तिच्याजवळ कोण थांबणार. नवरा मुंबईला कंपनीत, मुलगी बारावीला. प्रत्येकाला काम होते. आम्हालाही होते. तेव्हा आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आजीने त्या भिक्खूची गोष्ट काढली. हगवणीने आजारी पडून आपल्याच घाणीत लोळत पडलेला एक भिक्खू होता. दुसरे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कुणाच्या उपयोगाचा राहिला नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला अंघोळ घातली, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून म्हणाले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. आजी एवढे बोलून उठली, लुगडे पिशवीत घातले आणि एसटीला उभी राहिली. चार रात्री तीच होती.

यंदाच्या वर्षावासात आम्ही एक बदल करून पाहत आहोत. वाचन संपले की सरणत्तयाआधी दहा मिनिटे नुसते विचारायचे. या आठवड्यात कुणाला काय दुखते आहे? उत्तर द्यायची घाई कुणी करायची नाही. आधी विचारायचे, किती दिवसांपासून, कशामुळे, कुणाला दाखवले का. बायकांचे बायका वेगळ्या बसून विचारतात, ते आम्ही ऐकत नाही. एका वहीत तारीख घालून लिहितो, कोण कोणाबरोबर महाडला जाणार तेही लिहितो. मुंबईकर मंडळाने गाडीभाड्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. पहिल्या तीन रविवारी वहीत एकही नाव आले नाही. सगळे म्हणत, आमचं बरं हाय. चौथ्या रविवारी वहिनीनेच हात वर केला. स्वतःसाठी नाही, शेजारच्या मुलीसाठी. पोरगी पंधराची, कच्चे तांदूळ खाते म्हणाली. आता या मंगळवारी दोघी तपासणीला जात आहेत.